मुदत कोणाची? बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे मराठी वाचन

'मुदत' हा शब्द मराठीत अरबी-फार्सीकडून आला आणि बाजारपेठेत चांगला रुळला. हुंडीचे दोन प्रकार जुन्या पेढ्यांवर प्रसिद्ध होते : दाखवताच पैसे मोजावे लागणारी ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या दिवसांनी पैसे देणारी ती मुदती हुंडी. बार्शीसारख्या धान्याच्या पेठेत ज्याचे आयुष्य आडतीवर गेले त्याला या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. मुदत नेहमी देणेकऱ्याला मिळते आणि ती देतो घेणेकरी. मुदतवाढ हवी असल्यास देणेकऱ्याने घेणेकऱ्याच्या दारी जावे लागते. स्वतःची मुदत स्वतःच वाढवून घेणाऱ्या देणेकऱ्याला पेठेत काय म्हणतात हे सांगायची आवश्यकता नाही.

लोकप्रतिनिधीच्या 'मुदती'चा अर्थ याहून वेगळा नाही. सत्ता मतदाराची असते. ती काही वर्षांच्या बोलीने उसनी दिलेली असते. भारताच्या पाचव्या लोकसभेने १९७६ साली ही मुदत दोनदा कायद्याने वाढवून घेतली आणि त्याच वर्षी राज्यघटनेतील पाच वर्षांचा आकडाही सहा करून टाकला. त्या घटनेला आता जवळजवळ अर्धशतक झाले. मराठीच्या वर्गात आम्ही आणीबाणीचा उल्लेख करतो तो बहुधा कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या आणि दुर्गाबाई भागवतांच्या निमित्ताने. लेखनस्वातंत्र्य, सेन्सॉर, तुरुंग हे शब्द विद्यार्थ्यांच्या वहीत उतरतात. परंतु त्या काळात घटनेच्या मजकुरात नेमके कोणते शब्द बदलले आणि त्यामुळे मतदाराचे काय गेले, हा भाग राज्यशास्त्राचा म्हणून आपण बाजूला ठेवतो. घटना हाही एक मजकूरच आहे. मजकूर वाचणे हा आपला व्यवसाय आहे. म्हणून या लेखात आम्ही तो मजकूर वाचण्याचा प्रयत्न करीत आहोत.

मूळ घटनेच्या ८३ व्या अनुच्छेदाप्रमाणे लोकसभा आणि १७२ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याची विधानसभा आधी विसर्जित न झाल्यास पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे चालते, 'त्याहून अधिक नाही'. शेवटची शब्दयोजना लक्षात घेण्याजोगी आहे. पाच वर्षे म्हटल्यावर पाचच, हे व्याकरणाने कळते. तरीही घटनाकारांनी निषेधाची जोड दिली, कारण मोह कोणत्या दिशेने होणार हे त्यांना ठाऊक होते. या नियमाला त्यांनी एक अपवाद ठेवला : आणीबाणीची उद्घोषणा अंमलात असताना संसदेला कायदा करून ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष वाढवता येईल, परंतु उद्घोषणा संपल्यावर सहा महिन्यांपलीकडे नाही. युद्धात देश होरपळत असेल, मतपेट्या ठेवणेच अशक्य असेल, अशा प्रसंगासाठी उघडलेले ते एक लहान दार होते.

या दाराला पूर्वेतिहास होता. ब्रिटनमध्ये १९३५ साली निवडून आलेली संसद दुसऱ्या महायुद्धामुळे वर्षावर्षाने वाढत थेट १९४५ पर्यंत चालली. बॉम्ब पडत असताना झालेली ही वाढ फारशी कोणाला खटकली नाही. परंतु त्याच देशात एक दुसरे, कमी गौरवाचे उदाहरणही आहे. १७१६ साली, तीन वर्षांसाठी निवडून आलेल्या संसदेने कायदा करून आपलीच मुदत सात वर्षांची केली. बंडाची भीती हे कारण पुढे केले गेले. तीन वर्षांचा अधिकार घेऊन आलेल्यांनी उरलेली चार वर्षे कोणाकडून आणली, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. सातांची पाच वर्षे व्हायला १९११ साल उजाडावे लागले, आणि तेव्हा वरिष्ठ सभागृहाचे अधिकार छाटतानाही एक अधिकार मुद्दाम शिल्लक ठेवला गेला : कनिष्ठ सभागृहाची मुदत पाच वर्षांपलीकडे नेणारे विधेयक नाकारण्याचा. आपली मुदत वाढवण्याच्या प्रश्नात सभागृहाला एकट्याला सोडू नये, हा दोनशे वर्षांचा धडा त्या तरतुदीत आहे.

आता आपल्याकडे येऊ. पाचवी लोकसभा मार्च १९७१ मध्ये अस्तित्वात आली. इंदिरा गांधींच्या पक्षाला मोठे बहुमत होते आणि ते मतदारांनी मनापासून दिलेले होते. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी राजनारायण यांच्या अर्जावर निकाल देताना पंतप्रधानांची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी जाहीर झाली. त्यानंतर घटनेत जे बदल सुरू झाले त्यांचा क्रम पाहिला म्हणजे त्यांचा हेतू कळू लागतो. अडतिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीची उद्घोषणा न्यायालयाच्या विचाराबाहेर नेली. एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने पंतप्रधान आणि लोकसभेचे सभापती यांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली आणि आधीच्या निकालालाही निष्प्रभ केले. पंतप्रधानांच्या अपिलाची सुनावणी ११ ऑगस्ट १९७५ रोजी होणार होती. दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली १० ऑगस्टला. राज्यांच्या विधानसभांची मान्यतासुद्धा मधल्या एकदोन दिवसांत गोळा झाली.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी निकाल दिला. दरम्यान निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला गेला असल्यामुळे पंतप्रधानांची निवडणूक वैध ठरली. तथापि एकोणचाळिसाव्या दुरुस्तीतील, ही निवडणूक न्यायालयाबाहेर नेणारा भाग न्यायालयाने रद्द केला. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरापैकी सात न्यायाधीशांच्या बहुमताने मांडला गेलेला 'मूलभूत चौकटी'चा सिद्धांत येथे पहिल्यांदा घटनादुरुस्तीविरुद्ध वापरला गेला. तो वापरला गेला निवडणुकीच्या प्रश्नावर, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. निवडणूक मुक्त आणि न्याय्य नसेल तर लोकशाही उरत नाही, आणि ती तशी झाली की नाही हे ठरवणारा निवडून आलेल्यांपेक्षा वेगळा कोणी असला पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्यात होती.

पाचव्या लोकसभेची पाच वर्षे मार्च १९७६ मध्ये भरत होती. फेब्रुवारी १९७६ मध्ये संसदेने कायदा करून एका वर्षाची वाढ घेतली. येथे एक मराठी माणूस या इतिहासात येतो. मधू लिमये यांचा जन्म पुण्याचा, १९२२ चा. गोवामुक्तीच्या सत्याग्रहात १९५५ साली पोर्तुगीजांनी त्यांना पकडले आणि बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ साली ते सुटले. पुढे बिहारमधील मुंगेर आणि नंतर बांका या मतदारसंघांतून ते लोकसभेवर निवडून गेले. पुण्याच्या माणसाला बिहारच्या मतदारांनी पुनःपुन्हा निवडून द्यावे ही गोष्टही आज आठवावी अशी आहे. आणीबाणीत ते मध्य प्रदेशात तुरुंगात होते. लोकसभेची मुदत वाढताच त्यांनी आपल्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनीही तेच केले. भूमिका अगदी सरळ होती : मतदारांनी आम्हाला मार्च १९७६ पर्यंत पाठवले आहे. त्यापुढचा एकही दिवस आमचा नाही.

हा राजीनामा व्यवहारात निरुपयोगी होता असे म्हणता येईल, आणि म्हटलेही गेले. तुरुंगातल्या एका खासदाराची जागा रिकामी झाल्याने सरकारचे काहीच बिघडत नव्हते. उलट संसदेतील विरोधकांची संख्या आणखी घटत होती. इतर अनेक विरोधी सदस्यांनी मुदतवाढीचा निषेध केला पण जागा सोडली नाही. शत्रूच्या हाती मैदान का द्यावे, हा त्यांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. तरीसुद्धा आम्हाला लिमये यांची कृती अधिक नेमकी वाटते. मुदतवाढीचा लाभ केवळ सत्ताधाऱ्यांना होत नाही. विरोधकालाही वेतन, रेल्वेचा पास, नावामागचे पद हे सारे एक वर्ष अधिक मिळते. मुदतवाढ ही सर्वपक्षीय लाच असते आणि तिचे बळ त्यातच आहे. तिला खरा विरोध करायचा तर आपल्या वाट्याचा लाभ नाकारल्यावाचून तो पुरा होत नाही.

नोव्हेंबर १९७६ मध्ये आणखी एका वर्षाची वाढ झाली. त्याच महिन्यात दोन्ही सभागृहांनी बेचाळिसावी घटनादुरुस्ती संमत केली. १८ डिसेंबर १९७६ रोजी तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. विधेयक मांडणारे कायदामंत्री हरी रामचंद्र गोखले हेही मराठीच. ते पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. सरदार स्वर्ण सिंग यांच्या अध्यक्षतेखालील पक्षसमितीने तिची पूर्वतयारी केली होती. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, सभाबंदी होती. अशा वेळी घटनेच्या उद्देशिकेपासून शेवटच्या भागापर्यंत पन्नासहून अधिक कलमांची ही दुरुस्ती झाली. 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द तिने उद्देशिकेत आणले, नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आणली. त्याबरोबर लोकसभा व विधानसभांची मुदत पाचाची सहा वर्षे केली, उच्च न्यायालयांचे अधिकार आखडले आणि ३६८ व्या अनुच्छेदात भर घालून सांगितले की कोणत्याही घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही व संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही.

शेवटचे कलम आणि मुदतीचे कलम एकत्र वाचले पाहिजे. पाचाची सहा वर्षे झाली हे वरवर पाहता मोठे संकट वाटत नाही. पाच वर्षांची लोकशाही आणि सहा वर्षांची हुकूमशाही असे काही गणित नसते. परंतु ज्या सभागृहाला सहा म्हणता येते आणि ज्याला कोणीही अडवू शकत नाही, त्याला उद्या सोळाही म्हणता येते. प्रश्न आकड्याचा नव्हताच. आकडा बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती, हा तो प्रश्न होता.

मराठीत आपण या साऱ्याला 'दुरुस्ती' म्हणतो. दुरुस्त म्हणजे ठीक, नीट. मोडलेली मोट, गळणारे छप्पर, बंद पडलेले घड्याळ दुरुस्त करतात. जिचे काही मोडलेले नाही अशा वस्तूचे काम थांबवणे याला दुरुस्ती म्हणण्याची सोय शासकीय भाषेने करून दिली. घटना बदलू नये असे आम्ही म्हणत नाही. मतदाराचे वय एकवीसवरून अठरा करणारी एकसष्टावी दुरुस्ती ही खऱ्या अर्थाने दुरुस्ती होती. ती १९८९ मध्ये अंमलात आली. तेव्हा कसोटी एवढीच की बदलानंतर मतदाराच्या हाती पूर्वीपेक्षा अधिक उरते की कमी.

आणीबाणीच्या भाषेतला दुसरा शब्द 'अनुशासन'. पवनारच्या आश्रमात मौनात असलेल्या विनोबांनी लिहिलेला 'अनुशासनपर्व' हा शब्द सरकारी प्रचाराने उचलला आणि भिंतीभिंतीवर रंगवला. महाभारतातल्या एका पर्वाचे ते नाव. शरशय्येवरचे भीष्म युधिष्ठिराला जो उपदेश करतात त्याचे. डिसेंबर १९७५ मध्ये मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की शासन सत्तेचे असते आणि अनुशासन आचार्यांचे. पुढे जानेवारीत पवनारला आचार्यांचे संमेलनही त्यांनी भरवले. परंतु भिंतीवरचा शब्द तोवर पक्का झाला होता. शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकारही त्या दिवसांत एकाच कचेरीकडे गेला होता. भाषेच्या अभ्यासकाने हे उदाहरण विसरू नये.

तरीही सगळेच समर्थक भित्रे वा लाचार होते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. जमीनसुधारणेचे कायदे, संस्थानिकांचे तनखे, बँकांचे राष्ट्रीयीकरण यांच्या आड न्यायालये आली होती हा अनुभव ताजा होता. मालमत्तेचा हक्क गरिबाच्या मार्गातला अडसर आहे असे मानणारे प्रामाणिक लोक पुष्कळ होते. नामदेव ढसाळांसारखा बंडखोर कवी इंदिरा गांधींच्या बाजूने उभा राहिला तो या आशेच्या संदर्भात समजून घ्यावा लागतो. जिला कधी न्यायालयाची पायरी परवडलीच नाही त्या वस्तीतून न्यायालयाच्या अधिकारांकडे कसे पाहिले जात असेल, हा प्रश्न सदाशिव पेठेत बसून सोडवता येत नाही. मात्र या युक्तिवादाला एक उत्तर आहे. सहा वर्षांच्या मुदतीने एकाही भूमिहीनाला जमीन मिळत नव्हती. गरिबाच्या हाती निर्विवादपणे असलेली एकच गोष्ट म्हणजे मत, आणि ती वापरण्याचा दिवस पुढे गेला. श्रीमंताला सत्तेपर्यंत पोचायला पाच वर्षे थांबावे लागत नाही. थांबावे लागते ते ज्याच्याजवळ दुसरे काहीच नाही त्याला.

विरोध झाला तो कोठे झाला? डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला एक्कावन्नावे साहित्य संमेलन भरले. केंद्रात परराष्ट्रमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते आणि दुर्गा भागवत अध्यक्ष. आजारी जयप्रकाशांसाठी त्यांनी त्या मंडपात प्रार्थना करायला लावली, आणि लोक उभे राहिले. पुढे १९७६ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून त्यांना अटक झाली. लोकसाहित्य आणि बौद्ध वाङ्मयाच्या या अभ्यासिकेने आयुष्यात कधी पक्षाचे राजकारण केले नव्हते. पुण्याचे 'साधना' साप्ताहिक यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखाली सेन्सॉरशी झगडत राहिले. मूळचे सासवडचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी जयप्रकाशांबरोबर 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' उभी केली होती. निवडणूक सुधारणांवरील त्यांच्या समितीने आणीबाणीपूर्वीच अठरा वर्षांच्या मताधिकाराची शिफारस केली होती. घटनादुरुस्तीचे विधेयक आल्यावर अशा मंडळींचा मुख्य आक्षेप कायदेशीर बारकाव्यांवर नव्हताच. ज्या लोकसभेची जनतेने दिलेली मुदत संपली आहे तिला घटनेचा पायाच बदलण्याचा नैतिक अधिकार नाही, आधी निवडणूक घ्या आणि मग बदल सुचवा, असे त्यांचे म्हणणे होते.

न्यायालयाची कहाणी अशी एकरंगी नाही. २८ एप्रिल १९७६ च्या बंदीप्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू घेतली. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले. बहुमतात पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. याच चंद्रचूडांनी सरन्यायाधीश म्हणून ३१ जुलै १९८० रोजी मिनर्व्हा मिल्सच्या निकालात बेचाळिसाव्या दुरुस्तीतील संसदेचा अधिकार अमर्याद करणारी कलमे रद्द केली. मर्यादित अधिकार मिळालेल्याने त्याच अधिकाराचा वापर करून तो अमर्याद करून घेऊ नये, हे त्या निकालाचे सूत्र. एकाच माणसाच्या लेखणीतून चार वर्षांच्या अंतराने असे दोन निकाल यावेत, यातून संस्थांच्या बळाबद्दल आणि दुबळेपणाबद्दलही शिकण्यासारखे आहे. मधल्या काळात मतदार बोलला होता, हे विसरता कामा नये.

तो बोलला मार्च १९७७ मध्ये. वाढवलेली मुदत पुरी होण्याआधीच १८ जानेवारीला निवडणुका जाहीर झाल्या. महाराष्ट्रात पु. ल. देशपांडे, दुर्गाबाई यांसारखे लेखक प्रचारसभांच्या व्यासपीठावर गेले. रायबरेलीत इंदिरा गांधी राजनारायणांकडून पराभूत झाल्या आणि मुंबईत कायदामंत्री गोखले राम जेठमलानींकडून. मधू लिमये बांक्यातून पुन्हा निवडून आले. त्यांनी परत केलेली मुदत मतदारांनी त्यांना नव्याने दिली.

येथे सहसा गोष्ट संपवली जाते. परंतु महाराष्ट्रापुरते पाहिले तर ती संपत नाही. आपली विधानसभा मार्च १९७२ मध्ये निवडून आली होती. पाच वर्षे मार्च १९७७ मध्ये भरली. बेचाळिसाव्या दुरुस्तीने तिला एक वर्ष आपोआप मिळाले. जनता सरकारने एप्रिल १९७७ मध्ये उत्तरेकडील व पूर्वेकडील नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित केल्या, त्यात महाराष्ट्र नव्हता. जेथे काँग्रेसचा धुव्वा उडाला होता तेथे नवा कौल घेतला गेला. जेथे निकाल संमिश्र होता तेथे जुनी विधानसभा चालू राहिली. म्हणून बार्शीचा मतदार मार्च १९७७ मध्ये लोकसभेसाठी मत देऊन आला, पण विधानसभेसाठी त्याला फेब्रुवारी १९७८ ची वाट पाहावी लागली. मधल्या काळात मुख्यमंत्री बदलले, शंकरराव चव्हाण जाऊन वसंतदादा पाटील आले, आणि मतदाराला कोणी विचारले नाही. मुदतवाढ रद्द करू म्हणणाऱ्यांच्या राज्यात मुदतवाढीचे वर्ष महाराष्ट्राने पुरेपूर भोगले. नंतर उलट झाले. १९७८ ची विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या नव्या सरकारने बरखास्त केली, जनता सरकारचाच दाखला गिरवून. एक विधानसभा सहा वर्षांची आणि पुढची दोन वर्षांची : दोन्ही आकडे दिल्लीत ठरले. मुदत वाढवणारा हात आणि तोडणारा हात एकच असतो, हे आपल्याला त्या आठ वर्षांनी दाखवले.

त्याच १९८० साली आमच्या बार्शीत चौपन्नावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते गं. बा. सरदार. संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती शोधणाऱ्या आणि महाराष्ट्राच्या उपेक्षित मानकऱ्यांवर लिहिणाऱ्या या समीक्षकाची निवड त्या वेळी व्हावी हे योग्यच होते. वाङ्मय समाजाबाहेर राहून वाचता येत नाही हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. कऱ्हाड ते बार्शी या पाच वर्षांत घटना एकदा मोडली गेली होती आणि एकदा बरीचशी सावरली गेली होती.

ती सावरली त्रेचाळिसाव्या आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने सहाची पुन्हा पाच वर्षे केली. 'अंतर्गत अशांतता' या ढिल्या शब्दांऐवजी 'सशस्त्र बंड' हे शब्द आले. उद्घोषणेसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरला. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. मात्र एक गोष्ट राहून गेली. घटनेच्या मूलभूत स्वरूपाला हात घालणाऱ्या दुरुस्तीसाठी जनतेचे सार्वमत घ्यावे, अशी तरतूद मूळ विधेयकात होती. राज्यसभेने जी कलमे नाकारली त्यात ती गेली. सार्वमत हा रामबाण उपाय आहे असे आम्ही मानत नाही. रशियात २०२० साली राष्ट्राध्यक्षांच्या जुन्या कारकिर्दी हिशेबातून पुसून टाकणारा बदल जनतेच्या मतदानानेच मंजूर करून घेतला गेला. चीनने २०१८ साली अध्यक्षपदाची दोन कारकिर्दींची मर्यादा काढली ती प्रचंड बहुमताने. बहुमत असणे आणि बहुमताला नकाराची खरी संधी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९७६ च्या आपल्या संसदेत दोनतृतीयांश बहुमत होते. नकार देणारे तुरुंगात होते.

बेचाळिसाव्या दुरुस्तीचा एक अंश मात्र टिकून राहिला. लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या तिने १९७१ च्या जनगणनेवर गोठवली, २००१ पर्यंत. कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांना जागा कमी होण्याची शिक्षा नको, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे होते. पुढे चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. मधल्या फेररचनेत मतदारसंघांच्या सीमा २००१ च्या जनगणनेप्रमाणे हलल्या, संख्या तशीच राहिली. तुरुंग भरलेले असताना घेतलेल्या एका निर्णयाने देशातील मताचे वजन पुढची कित्येक दशके ठरवले.

आणि मुदतीचा प्रश्न घटनेला हात न लावताही निर्माण करता येतो, हे महाराष्ट्राइतके कोणाला ठाऊक? जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९६२, १९६७, १९७२ अशा पाच-पाच वर्षांनी झाल्या. पुढची निवडणूक १९७९ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट १९९२ मध्ये. तेरा वर्षांत कोणतीही घटनादुरुस्ती झाली नाही, कोणी भाषण केले नाही, कोणी राजीनामा दिला नाही. नुसती तारीख पुढे जात राहिली. याच अनुभवामुळे त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने स्थानिक संस्थांसाठीही 'पाच वर्षे, त्याहून अधिक नाही' हे शब्द घटनेत आणले आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे बजावले. एवढे होऊनही २०२२ च्या मार्चमध्ये सोलापूरसह राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी त्या घेण्याचा आदेश दिला आणि नगरपरिषदांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. येथे प्रतिनिधींची मुदत वाढली नाही हे खरे. वाढली ती मतदाराची प्रतीक्षा. आरक्षणाचा प्रश्न खोटा नव्हता, पण तो सुटेपर्यंत मताचा हक्क टांगून ठेवण्यात कोणालाच घाई नव्हती, हेही तितकेच खरे. खुर्चीवर पुढारी बसला काय आणि अधिकारी बसला काय, गटाराच्या तक्रारीसाठी ज्याला पुढच्या निवडणुकीची भीती घालता येईल असा कोणी उरला नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटनासमितीतील भाषणात इशारा दिला होता की धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडेच नेते. त्याआधी एक वर्ष त्यांनी हेही सांगितले होते की घटनेचा एक शब्दही न बदलता केवळ कारभाराची पद्धत बदलून घटनेचा आत्मा मारता येतो. १९७६ ने पहिला इशारा खरा ठरवला आणि जिल्हा परिषदांच्या तेरा वर्षांनी दुसरा. आम्ही ज्या परंपरेचे अध्यापन करतो ती भक्तीची परंपरा आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. पण विठ्ठलाला अठ्ठावीस युगे विटेवर उभे ठेवणाऱ्या समाजाने आमदाराला पाच वर्षांहून एक दिवसही अधिक उभे राहू देऊ नये. त्या दोन निष्ठांमधला भेद शिकवणे हे मराठीच्या शिक्षकाचेही काम आहे.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. कऱ्हाडचा प्रसंग वर्गात शिकवताना त्याच्या शेजारी घटनेचा ८३ वा अनुच्छेद फळ्यावर लिहावा : मूळचा, बेचाळिसाव्या दुरुस्तीनंतरचा आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनंतरचा. तिन्ही पाठांत फरक एका शब्दाचा आहे. पाच, सहा, पाच. या एका शब्दासाठी कोणी खासदारकी सोडली, कोणी ग्रंथालयातून तुरुंगात गेले आणि कोट्यवधी लोकांनी रांगेत उभे राहून निकाल दिला, हे विद्यार्थ्यांना कळले म्हणजे पाठभेदाचे महत्त्व वेगळे शिकवावे लागणार नाही.